उटणं लिमरिकचं

अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लिमरिकचं नाव श्रीमंत बायकांच्या तोंडी असे ते हातमोज्यांमुळे. पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या कातड्याचे हे मोजे इतके तलम असत, की जोडीची घडी अक्रोडाच्या टरफलात मावायची, आणि ती तशी टरफलात घालून विकलीही जायची. रात्री ते चढवून झोपायचं, म्हणजे हात मऊ आणि गोरे राहतात, अशी समजूत. मारिया एजवर्थ या आयरिश लेखिकेनं 1804 साली ‘लिमरिक ग्लव्ह्ज’ नावाची एक गोष्टही छापली. तिच्यात इंग्लंडमधल्या हेरफर्ड गावात येऊन राहिलेल्या आयरिश मोजेवाल्यावर संशय घेतला जातो. परक्या मुलखात दुकान मांडणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

गंमत अशी, की हे मोजे उपयोगी पडतही असतील. पण वासराच्या कातड्यामुळे नव्हे. रात्रभर हात झाकलेला राहिला की त्वचेतला ओलावा उडून जात नाही, एवढंच त्यामागचं कारण. हाताला थोडं व्हॅसलीन लावून वर साधे सुती मोजे घाला, असं आजचे त्वचारोगतज्ज्ञ भेगाळलेल्या हातांसाठी सांगतात, ते याच कारणानं. काम झाकण्यानं होत होतं आणि पैसे वासराचे मोजले जात होते.

घरी केलेल्या, स्वस्तातल्या साबण-उटणी-तेलांबद्दल आपण बोलतो तेव्हा नेमकी हीच गफलत करतो, असं माझं म्हणणं आहे. काम कशानं होतं आणि दिमाख कशाचा, हे वेगळं काढून पाहत नाही. आजीकडून घ्यायची ती तिची रीत. आपण घेतो तिची यादी, आणि ती यादी घेऊन पाच हजार मैलांवर येऊन बसतो.

मी लिमरिकला राहते आणि औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. इथली मराठी घरं डूराडॉयल, रहीन, कॅसलट्रॉय या भागांत विखुरलेली. कोणी विद्यापीठ रुग्णालयात, कोणी चिप बनवणाऱ्या कंपनीत, कोणी लिमरिक विद्यापीठात शिकायला आलेलं. दसरा उलटला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला प्रश्न येतो: कोणी पुण्या-मुंबईहून येतंय का, येताना उटणं आणाल का? मग विमानातून पाकिटं येतात. त्यांच्यावर ‘घरगुती’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. कोणाच्या घरचं, ते लिहिलेलं नसतं. हिवाळा सुरू झाला की दुसरा विषय निघतो, केस गळण्याचा. आणि तेव्हा इथल्या पाण्याला शिव्या पडतात. तिसरा विषय बारमाही असतो. स्वयंपाकघरात क्रीम, सीरम, सनस्क्रीन बनवण्याचे व्हिडिओ एकमेकींना पाठवले जातात.

आजीची यादी मुळात कशी तयार झाली ते बघू. उटण्यात मसुराच्या डाळीचं पीठ असे, संत्र्याच्या वाळवलेल्या साली असत, आंबेहळद, वाळा, गवला कचोरा, नागरमोथा. चंदन असलं तर असलं, नसलं तर नसलं. यातला नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या मुळाशी लागणारी गाठ. शेतकऱ्याला विचारा, लव्हाळ्याइतकं चिवट तण दुसरं नाही. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत ते अगदी वर आहे. शेतातून उपटून फेकायच्या तणाची गाठ वाळवून, कुटून बाई अंगाला लावत होती. साली खाल्लेल्या संत्र्यांच्या होत्या. डाळ रोजच्या डब्यातली होती. म्हणजे ही यादी शास्त्राच्या पोथीतून उतरली असेल-नसेल, घरात टिकली ती परसात, शेतात आणि डब्यात जे होतं त्यातून. रत्नागिरीच्या घरातलं उटणं आणि यवतमाळच्या घरातलं उटणं एकच असायचं कारण नव्हतं.

तिची रीत मात्र पक्की होती. जे लावायचं ते कोरडं ठेवायचं, लागेल तेवढंच ऐन वेळी भिजवायचं. पूड वस्त्रगाळ करायची, म्हणजे अंगाला खरखर लागत नाही. आधी तेल, मग पीठ. पिठानं जास्तीचं तेल उचलायचं, सगळं नाही. उरलेलं भिजवण दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. या चार गोष्टींत त्वचेविषयी आणि जंतूंविषयी जे शहाणपण आहे, ते पाकिटाच्या पाठीवरच्या सतरा वनस्पतींत नाही. पाणी नसलेल्या पदार्थात जंतू वाढत नाहीत, हे तिला प्रयोगशाळेनं सांगितलं नव्हतं. पण चार दिवसांपूर्वी भिजवलेल्या पिठाचा वास तिला ओळखता येत होता.

आता हीच बाई डूराडॉयलच्या वसाहतीत राहायला आली असती तर तिनं काय केलं असतं? पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानातून पार्सल मागवलं नसतं, हे नक्की. तिनं आधी शेजारणीला विचारलं असतं.

आणि शेजारणीकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडमध्ये एक विलक्षण काम झालं. लोककथा आयोगानं देशातल्या सव्वीस परगण्यांच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून जे कळेल ते लिहून आणायला सांगितलं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी ते केलं, लिमरिक परगण्यातल्याही. भुताखेतांच्या गोष्टींबरोबर त्या वह्यांत घरगुती उपाय आहेत, आणि चेहऱ्याचे, केसांचेही आहेत. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी पहाटे गवतावरच्या दवानं तोंड धुतलं की वर्षभर कांती टिकते, हा समज ठिकठिकाणी नोंदलेला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे उठणाऱ्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. दवानं कांती येते हे अर्थात खोटं. पण त्या निमित्तानं पोरं वर्षातून एकदा तरी पहाटे उठत असतील, आमच्यासारखीच.

दवापेक्षा उपयोगी गोष्टी वेगळ्या. त्यातली पहिली पावसाचं पाणी. लिमरिक आणि आजूबाजूचा मुलूख चुनखडीच्या खडकावर बसलेला आहे, म्हणून इथलं पाणी जड. किटलीच्या तळाशी काही आठवड्यांत पांढरा थर धरतो तो चुन्याचा. साबणातली स्निग्धाम्लं या चुन्याशी जुळली की न विरघळणारी साय तयार होते. बादलीच्या कडेला, केसांना, अंगाला ती चिकटून बसते. केस राठ वाटतात ते यामुळे. जुन्या आयरिश घरांच्या वळचणीला पिंप असे. पावसाच्या पाण्यात चुना नसतो, म्हणून बायका केस त्या पाण्यानं धुवत. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस जिथे काही ना काही पडतं, तिथे हे फुकटचं पाणी छपरावरून गटारात जातं आणि आम्ही नळाच्या पाण्याला शिव्या देत महागडे शांपू आणतो.

जड पाणी मऊ करणारं यंत्र बसवून घ्या, असं सांगणारे विक्रेतेही भेटतात. इंग्लंडमध्ये 336 मुलांवर केलेली एक चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. इसब असलेल्या निम्म्या मुलांच्या घरी अशी यंत्रं लगेच बसवली, निम्म्यांच्या घरी नंतर. इसबात काही फरक पडला नाही. केसांचा राठपणा ही वेगळी बाब, पण इसबाच्या भीतीपोटी कोणी यंत्र विकत असेल तर ही गोष्ट ठाऊक असावी.

दुसरी वस्तू ओट्स, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण लिमरिकमधल्या मराठी घराला खरोखर उपयोगी पडेल असं यातच सर्वांत जास्त आहे. आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत ओट्स चांगले येतात. दुकानातल्या साध्या ब्रँडचे ओट्स किलोला दोन युरोंच्या आतबाहेर मिळतात. मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करायचे, अगदी आजीच्या रीतीनं. जमलं की नाही हे पाहायची खूण सोपी आहे: चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकून ढवळली तर पाणी दुधासारखं झालं पाहिजे. पूड तळाशी बसली तर आणखी दळायला हवी. ही पूड अंघोळीच्या पाण्यात, किंवा मूठभर घेऊन पिठासारखी अंगाला. ओट्समध्ये खाज शमवणारी द्रव्यं आहेत आणि त्यांच्या पिठाचा पातळ थर त्वचेवर राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2003 साली ओट्सच्या अशा वस्त्रगाळ पिठाला त्वचारक्षक म्हणून अधिकृत मान्यता दिली. डाळीच्या पिठाला असं प्रमाणपत्र कोणी दिलेलं नाही. डाळीचं पीठ वाईट असं मी म्हणत नाही. पण घरात हीटर चालू असताना, जानेवारीत, नडगीवर पांढऱ्या रेघा ओढता येतील इतकी कातडी कोरडी पडते. तिथे तेल शोषणारं डाळीचं पीठ लावणं म्हणजे मुंबईच्या घामावरचा उपाय लिमरिकच्या कोरडीवर करणं. यादी आणि रीत यांतला फरक तो हा.

तिसरी वस्तू समुद्रातली. लिमरिकची माणसं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात क्लेअरच्या किनाऱ्यावर किलकीला जातात. तिथे आजही कागदी पिशवीतून वाळवलेलं समुद्री शेवाळ खायला विकतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांवर कॅरगीन नावाचं तांबूस शेवाळ मिळतं. पाण्यात उकळलं की त्याची खीर घट्ट होते. खोकल्यावर ते दुधातून देत. याच जातीच्या शेवाळांतून काढलेला कॅरगीनन हा पदार्थ आज तुमच्या टूथपेस्टला घट्टपणा देत असतो. उकळून गाळलेली ती बुळबुळीत जेली केसांना किंवा हातांना लावून बघण्यासारखी आहे. मात्र तिच्यात पाणी आहे, तेव्हा ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. केरीत बॅलीबनियनला, स्लायगोत एनिसक्रोनला गरम समुद्राच्या पाण्यात शेवाळ टाकून अंघोळ घालणारी जुनी स्नानगृहं आहेत. एनिसक्रोनचं तर 1912 पासून चालू आहे. ती मजा आहे. तिला औषध म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मग आपल्या यादीतलं काहीच न्यायचं नाही का? खोबरेल तेल न्यावं. इथे ते बारा महिने थिजलेलं असतं, कारण 24 अंशांखाली ते गोठतं. म्हणून बरणी रुंद तोंडाची हवी. केसांतली प्रथिनं धुण्या-विंचरण्यात कमी झिजावीत यासाठी ते खनिज तेलापेक्षा आणि सूर्यफुलाच्या तेलापेक्षा चांगलं ठरतं, असं आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली दाखवलं. ते संशोधन मुंबईत, खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच प्रयोगशाळेत झालं होतं, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात, हे त्यांचं म्हणणं टिकलेलं आहे. बाळाच्या अंगाला चोळायचं तेल मात्र विचार करून निवडावं. इथे ऑलिव्हचं तेल सुचवणारे पुष्कळ भेटतात. शेफिल्ड विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात मोठ्यांच्या त्वचेवर ऑलिव्ह तेलानं त्वचेचा संरक्षक थर दुबळा झाला, सूर्यफुलाच्या तेलानं झाला नाही. या दोहोंत सूर्यफुलाचं तेल स्वस्त आहे. योगायोगानं का होईना, स्वस्त ते बरं, असं इथे झालं.

नेहमी तसं होत नाही. स्वस्त आणि घरगुती या दोन गोष्टींची आपण उगीच गाठ मारून ठेवली आहे. त्वचेतला ओलावा धरून ठेवायला साध्या पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं फार थोडं आहे. चेसब्रोनं तिचं पेटंट 1872 मध्ये घेतलं, आजही ती कवडीमोल मिळते, आणि ती घरी बनवता येत नाही. ग्लिसरीनचंही तेच. उलट मेणबत्तीवाल्याकडून मधमाश्यांचं मेण, ऑनलाइन शिया बटर, छोट्या बाटल्यांतली सुगंधी तेलं आणि काचेच्या बरण्या आणून केलेलं ओठांचं मलम हिशेब मांडला तर दुकानातल्यापेक्षा महाग पडतं. छंद म्हणून कराच. पण त्याला काटकसर म्हणू नका.

व्हिडिओंमधल्या क्रीम-सीरमांबद्दल माझं मत याहून कडक आहे. तेल आणि पाणी एकत्र घोटलं, की जंतूंना हवं ते सगळं एका बरणीत मिळतं. कारखान्यात अशा प्रत्येक पदार्थात परिरक्षक घालतात, मग त्यात मुद्दाम जंतू सोडून ते मरतात की नाही हे आठवडेच्या आठवडे तपासतात. स्वयंपाकघरात कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि बदामतेल घोटून महिनाभर बाथरूमच्या उबेत ठेवणाऱ्याकडे ही तपासणी नसते, आणि वास येण्याच्या कितीतरी आधी जंतूंची संख्या वाढलेली असते. ‘केमिकल नाही’ हे बरणीवरचं वाक्य अशा वेळी इशारा म्हणून वाचावं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावणं, खायच्या सोड्यानं केस धुणं, यांचंही तसंच. त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास. लिंबू दोनाजवळ, सोडा आठाच्या वर. त्यात लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठतात.

आणि सनस्क्रीन घरी करू नये. खोबरेलात झिंक ऑक्साइड चमच्यानं ढवळून त्याचे कण सारखे पसरत नाहीत. कुठे गठ्ठा होतो, कुठे काहीच नसतं. किती संरक्षण मिळतं हे मोजायचं साधन घरात नाही. आयर्लंडमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग त्वचेचा आहे. आपल्या सावळ्या कातडीला तो धोका कमी, पण तुमच्या मुलीच्या वर्गातल्या तांबड्या केसांच्या मैत्रिणीला सहलीच्या दिवशी ती बरणी दिली जाणार नाही, याची खात्री कोण देणार?

आता कायद्याचं. युरोपीय संघाचा सौंदर्यप्रसाधनांचा नियम 2009 सालचा, क्रमांक 1223. तो 11 जुलै 2013 पासून पूर्णपणे लागू आहे आणि आयर्लंडमध्ये त्यावर आरोग्य उत्पादन नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. स्वतःसाठी काय वाटेल ते बनवा, नियम तुमच्या न्हाणीघरात येत नाही. पण लिमरिकच्या मिल्क मार्केटमध्ये शनिवारी टेबल मांडून साबणाची एक वडी विकायची म्हटली, तरी पात्रताधारक तज्ज्ञाचा सुरक्षितता अहवाल हवा, युरोपीय पोर्टलवर आधी नोंद हवी, जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता वेष्टनावर हवा, आणि शेवटची खेप विकल्यावर दहा वर्षं कागदपत्रं जपून ठेवायला हवीत. व्यवसायाच्या ओघात फुकट वाटलं तरी सुटका नाही. प्रत्येक नव्या कृतीच्या अहवालाला वेगळे पैसे मोजावे लागतात. यावर छोट्या उत्पादकांची तक्रार असते, की मोठ्या कंपन्यांच्या सोयीचा हा कायदा आमचं पोट मारतो. तक्रारीत तथ्य आहे. विक्कोची सुरुवात आठवा. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली परळच्या राहत्या घरात दंतमंजन बनवलं आणि ते दारोदार फिरून विकलं. आजच्या युरोपात त्यांना पहिल्याच पायरीवर थांबावं लागलं असतं.

तरीही मी कायद्याच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण अकोल्याचं आहे. 2023 च्या सुरुवातीला तिथल्या एका घरातल्या आई आणि दोन मुली मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडल्याची बातमी आली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या, ते स्थानिक पातळीवर मिळालेलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा निघाला. हे क्रीम कोणत्याही बड्या कंपनीच्या जाहिरातीतून आलेलं नव्हतं. ओळखीतून, विश्वासानं आलेलं होतं. घरगुती या शब्दावर आपण जो विश्वास टाकतो, तो नेमका याच वाटेनं फसवला जातो. घरात स्वतःसाठी केलेल्या वस्तूत काय आहे ते करणाऱ्याला माहीत असतं. ती दुसऱ्याच्या हातात गेली की माहिती मागे राहते आणि फक्त विश्वास पुढे जातो. कागदपत्रांचं काम त्या माहितीला वस्तूबरोबर पाठवण्याचं आहे. महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या बायका साबण आणि उटणी घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला येतात, तेव्हा त्यांना परवान्यातून सूट द्या असं म्हणण्यापेक्षा, परवान्याचा आणि तपासणीचा खर्च सरकारनं उचलावा असं म्हणणं मला जास्त न्यायाचं वाटतं. आयर्लंडलाही तेच लागू पडतं. अहवालाचा खर्च वाटून घेता येईल अशी सोय स्थानिक उद्योग कार्यालयांनी करावी. नियम सैल करू नये.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर कराबद्दल. आयर्लंडमध्ये ओट्स, डाळीचं पीठ, खायचं तेल हे अन्न म्हणून शून्य टक्के व्हॅटवर मिळतं. तेच पीठ सुगंधी पूड घालून ‘फेस पॅक’ झालं की 23 टक्के. भारतातही असा खेळ चालत असे. खोबरेलाची छोटी बाटली खाण्याचं तेल की केसांचं, यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की केशतेल म्हणून विकलेलं नसेल तर ते खाण्याचंच तेल. तेव्हा काटकसर करायची असेल तर किराणा मालाच्या रांगेत उभं राहावं, सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. आजीची यादी स्वस्त होती, कारण तिच्या वेळेचा हिशेब कोणी करत नव्हतं. शिकेकाई उन्हात वाळवा, कुटा, चाळा. कुटताना उडालेल्या पुडीनं घरभर शिंका. दुपारची झोप गेली ती गेली. आणि लिमरिकमध्येही हे सगळं आवडीनं होत नव्हतं. फ्रँक मॅककोर्टच्या ‘अँजेलाज अ‍ॅशेस’मधलं 1930-40 च्या दशकांतलं लिमरिक ज्यांनी वाचलं, त्यांना गरिबीतल्या घरगुतीपणाचं कौतुक करता येणार नाही. रुग्णालयातली रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला तू उटणं घरी कर, असं सांगणं हे अशिष्ट आहे. तिनं दुकानातला बिनवासाचा साबण आणि व्हॅसलीन घ्यावं आणि झोपावं. तिची काटकसर त्यात आहे. घरच्या पुरुषाला वेळ असेल तर ओट्स मिक्सरमधून काढायला त्याला दहा मिनिटं लागतात.

दुसरा आक्षेप भावनेचा. उटण्याचा वास हीच दिवाळी, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. वर्षातून एक पहाट, बाहेर आठ अंश तापमान, टबात पाय घसरू नये म्हणून खाली टॉवेल, आणि तळव्यावर ती भिजलेली पूड. ते पाकीट तेवढ्यासाठी आणलं असेल तर त्याचे पैसे सणाच्या खर्चात धरावेत, कातडीच्या नाही. आणि त्यात चंदन आहे असा दावा असेल तर फार विश्वास ठेवू नये; खरं चंदन त्या किमतीत मिळत नाही.

तेव्हा लिमरिकच्या आणि आयर्लंडमधल्या इतर मराठी मंडळींना माझी विनंती अशी आहे. यंदा भारतातून येणाऱ्याच्या बॅगेतून उटण्याची पाकिटं मागवू नका. ओट्स इथले घ्या, तेल थोडं जास्त लावा. मागवायचीच असेल तर शिकेकाई मागवा, अख्ख्या शेंगा, पूड नको. तिच्यातला फेस साबणाच्या जातीचा नसल्यामुळे चुन्याच्या पाण्यातही साय धरत नाही. तसाच फेस देणारं सोपवर्ट हे रोप युरोपात आहे, जुनी नाजूक वस्त्रं धुवायला ते वापरतात. पण लिमरिकच्या दुकानांत ते मला कुठे दिसलेलं नाही. आणि शेंगा उकळाल तेव्हा पाणी पावसाचं घ्या. ते इथे कमी पडणार नाही.